एकशे अठरावा चौकोन

रात्रभर भुरभुर लागून पहाटे पाऊस थांबला होता, पण निघून गेला नव्हता. ओढ्याच्या अंगाला धुकं लोंबत होतं आणि अंगणातली लाल माती बुटांना सोडायला तयार नव्हती. झेल्मा सिगमन मागच्या पायरीवर बसून पेन्सिलींना टोक काढत होती. सहा पेन्सिली, आणि हत्यार भाजी चिरायचं. गिरमिटानं काढलेलं टोक बारीक, नखरेल; जरा दाबलं की कट्कन मोडणार. चाकूनं काढलेलं टोक बसकं, दिसायला गावठी, पण शर्यतीच्या दोनशे फेऱ्या मान न टाकता लिहितं. हे तिनं एकोणीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. ज्याला डोळे आहेत त्यानं बघावं; ज्याला नाहीत त्याची टोकं मोडू देत.

आत तव्यावर डुकराच्या काळजाच्या वड्या तडतडत होत्या. मक्याच्या पिठात शिजवून थापलेली ती वडी दोन्ही अंगांनी काळपट परतली आणि मोहरी फासून पावात घातली, की दहा पुरुषांची तोंडं दुपारपर्यंत बंद राहायची. तेवढ्यासाठीच ती करायची. हे दहाजण म्हणजे शर्यतीच्या गाडीभोवतीचा गोतावळा. त्यातल्या चौघांना टायर काढता यायचा, तिघांना तो हातात धरता यायचा, आणि उरलेले तिघे कशाला येतात हे तिला अजून उमगलं नव्हतं.

तिचा नवरा हॉइल दारात आला, पट्टा चढवत आभाळाकडे बघून म्हणाला, "दहापर्यंत उघडतंय बघ."

सव्वीस वर्षं तो हेच म्हणत आला होता. हॉइल इंजिनाचा कान होता. बंद दाराआडून ऐकून कुठली झडप बसली नाही ते सांगायचा. पण आभाळ, माणसं आणि व्यवहार या तिन्ही बाबतींत त्याला एका गाढवाइतकंच कळतं, असं तिचं मत होतं. आणि ते मत तिनं लपवलेलंही नव्हतं.

गाडी हॉइलनं बांधलेली, पण ती होती टीगची. कॅरल टीग चाकांवरची घरं विकायचा आणि स्वतःच्या हातानं कधी बाटलीचं झाकणसुद्धा काढायचा नाही. रविवारी पांढरी पँट घालून तो पिटात, म्हणजे ट्रॅकलगत गाड्यांची देखभाल होते तिथं, यायचा, ग्रीसपासून चार हात लांब उभा राहायचा आणि गाडी जिंकली की मिठी मारायला सगळ्यांत पुढे. चालवायचा वेंडल. वेंडलला शिरस्त्राण चढवण्यापूर्वी भांग पाडायची सवय होती. डोक्याचा आणखी काही उपयोग त्यानं केल्याचं झेल्मानं पाहिलं नव्हतं.

आणि झेल्मा स्वतः? सोळाव्या वर्षापासून ती मोज्यांच्या गिरणीत. मोजा यंत्रातून निघतो तेव्हा बोटांकडचं तोंड उघडं असतं. ते शिवायला एक फिरतं चक्र असतं, त्याच्या कडेला बारीक काटे, आणि मोज्याचा एकेक फासा एकेका काट्यावर बसवायचा. चक्र थांबत नाही. फासा सुटला की मोज्याला भोक, आणि मोजा परत तुमच्या टेबलावर. पहिल्या वर्षी तिचे डोळे रडून लाल असायचे. तिसऱ्या वर्षी ती न बघता बसवू लागली. दहाव्या वर्षी तिला सुटलेल्या फाशाचा वास यायला लागला, असं मुकादम म्हणायचा.

ट्रॅकवर ती आली हॉइलच्या मागं. त्या काळी पिटात तीन गोष्टींना बंदी होती: टरफलाचे शेंगदाणे, हिरवा रंग आणि बाई. तिन्हींनी अपशकुन होतो म्हणे. गाडी भिंतीवर आपटणारा माणूस घरी जाऊन बायकोनं केलेलं जेवायचा, तिनं धुतलेला शर्ट घालायचा, आणि अपशकुन मात्र तिच्या सावलीचा. पाच वर्षांपूर्वी बाईवरची बंदी उठली. शेंगदाण्यांवरची अजून होती. पण कुंपणाच्या अलीकडे बाईशिवाय कुणाचं चालायचं नाही, कारण फेऱ्या मोजायच्या कुणी? बाकड्यांच्या माथ्यावर फळ्यांची लांब खोली, तिला मनोरा म्हणायचे. तिथं प्रत्येक गाडीची एक बाई. कुणाची बायको, कुणाची बहीण. तिच्यापुढे दोनशे चौकोनांचा कागद, आणि समोर भिंतीवर मिनिटं-सेकंदांचं मोठं घड्याळ. आपली गाडी रेषेवरून गेली की पुढच्या चौकोनात वेळ लिहायची. एवढंच. एवढंच, पण वीस सेकंदांना एकदा, दोनशे वेळा, बावीस गाड्या एकमेकींच्या बुडाला लागून पळताना, आणि मधे शिंकायचंसुद्धा नाही. खाली पुरुष बोंबलत असायचे, वर बायका लिहीत असायच्या, आणि कोण जिंकलं ते शेवटी बायकांच्या कागदावरून ठरायचं. हे पुरुषांना माहीत होतं. म्हणूनच त्याबद्दल ते बोलत नसत.

एकोणीस वर्षांत झेल्माचा एक चौकोन चुकला नव्हता.

आणि आज त्याचं काहीतरी चीज होणार होतं. मनोऱ्याची मुख्य मिस ओलेटा यौंट, वय चौऱ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हिचा आज शेवटचा दिवस. तिची उंच खुर्ची, तिच्या गळ्यातली मनोऱ्याची किल्ली आणि शेवटचा शब्द, हे सगळं आज संध्याकाळी झेल्माकडे यायचं होतं. मागच्याच रविवारी मिस ओलेटानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. त्या खुर्चीत बसलं की गाडी नवऱ्याची नसते, टीगची नसते, कुणाचीच नसते. झेल्माला ती खुर्ची किती हवी होती हे तिनं हॉइललाही सांगितलं नव्हतं. हवं असलेलं बोलून दाखवणं हा तिला भिकेचा प्रकार वाटायचा.

आभाळ साडेदहाला उघडलं. हॉइल दिवसभर त्याबद्दल बोलला.

ट्रॅक सुकवायला सगळ्यांनी आपापले ट्रक गोल गोल फिरवले, चर्च सुटल्यावर बाकडी भरली, आणि दीड वाजता हिरवा झेंडा पडला. झेल्माच्या डाव्या हाताला बर्निस बसली होती. बर्निस ही ग्रेडी फेस्परमनची धाकटी बहीण. विधवा, मऊ आवाजाची, तोंडात सतत पेपरमिंट. ग्रेडी, आठ नंबरवाला, पन्नाशीचा, स्वतःची गाडी स्वतः बांधणारा आणि स्वतःच चालवणारा. त्याच्याबद्दल झेल्माला फारसा तिरस्कार नव्हता, म्हणजे जवळजवळ आदरच होता. बर्निसबद्दल मात्र काही शिल्लक नव्हतं. बर्निस लिहिताना ओठ हलवायची. एखादी गाडी भिंतीला लागली की "अगं बाई, लागलं का रे त्याला" म्हणत उठून उभी राहायची, आणि तेवढ्यात तिचा भाऊ रेषेवरून जायचा. मागच्या हंगामात तिच्या दोन फेऱ्या सुटल्या होत्या. सुटलेल्या फाशाचा मोजा परत येतो. बर्निस दर रविवारी तशीच्या तशी परत यायची.

पहिल्या शंभरांत वेंडल पुढे होता. सगळ्यांत पुढे असलेल्या गाडीच्या बाईनं फेरीचा आकडा मोठ्यानं बोलायचा आणि मिस ओलेटानं त्यावर पाटी फिरवायची, अशी पद्धत. झेल्मा बोलत होती: "एकशे चौदा." "एकशे पंधरा." तिचा आवाज वाण्याच्या काट्यासारखा सपाट.

एकशे सोळाव्या फेरीला मागच्या वळणावर दोघं एकमेकांत अडकले आणि पिवळा झेंडा पडला. पिवळ्यात गाड्या सावकाश, रांगेनं फिरतात, आणि ज्याला टायर बदलायचे तो पिटात येतो. ग्रेडी आला नाही. तो फिरत राहिला. वेंडल आला. टीगच्या पिटाची जागा रेषेच्या अगदी अलीकडे होती, त्यामुळे दर वेळी गाडी रेषेआधी थांबायची आणि निघताना रेषा ओलांडायची. झेल्माचा हात निघतानाच लिहायचा.

पण त्या दिवशी वेंडलनं ब्रेक उशिरा दाबला. गाडी ओल्या सिमेंटवरून घसरत आपल्या जागेच्या पुढे गेली आणि तिचं नाक रेषेपलीकडे जाऊन थांबलं. नाक गेलं म्हणजे फेरी झाली, नियम तोच. झेल्मानं लिहिलं, एकशे सतरावा चौकोन, सत्तेचाळीस मिनिटं बारा सेकंद. खाली दहा पुरुष एकमेकांच्या पायांवर पाय देत गाडीच्या तोंडाशी धावले. त्यांत हॉइल होता. टीगनं पांढऱ्या पँटीच्या खिशांतून दोन्ही हात काढून वर केले. 'बघा,' ती मनात म्हणाली, 'बघा हे शूरवीर.'

तेवढ्यात शेजारी कट्कन आवाज झाला. बर्निसच्या पेन्सिलीचं टोक मोडलं होतं.

"झेल्मा, अगं, ग्रेडी आत्ता गेला ना? किती झाले होते?"

ग्रेडी गेला होता. झेल्मानं अर्ध्या डोळ्यानं बघितलं होतं, कारण तिच्या अर्ध्या डोळ्याला बर्निसच्या दोहोंपेक्षा जास्त दिसायचं. तिनं आपली एक पेन्सिल उचलून बर्निसच्या पुढ्यात टाकली.

"सत्तेचाळीस बावीस लिही. आणि पुढच्या वेळी घरून येताना डोळेही आण."

बर्निसनं "देव तुझं भलं करो" म्हणून लिहिलं, तिची जीभ ओठांवर आली होती. ती आकडा नीट काढते का हे झेल्मा बघत राहिली. चुकीचा काढणार याची तिला खात्रीच होती. मग खाली इंजिन गर्जलं, वेंडल निघाला, रेषा ओलांडली, आणि निघताना लिहायची सवय असलेल्या तिच्या हातानं लिहिलं. एकशे अठरावा चौकोन, सत्तेचाळीस एकतीस.

मधल्या एकोणीस सेकंदांत दहा जणांनी गाडी ढकलत रेषेच्या अलीकडे मागं नेली होती, टायर बदलले होते आणि सोडली होती, हे तिनं पाहिलंच नव्हतं. ती बर्निसचा तिरस्कार करण्यात गुंतली होती.

आता ग्रेडी पुढे, वेंडल त्याच्या शेपटीला. आकडे बर्निस बोलू लागली. एकशे तीसच्या सुमाराला झेल्माच्या ध्यानात आलं, की बर्निस जो आकडा बोलते त्यापेक्षा आपला चौकोन एकानं पुढे आहे. बर्निस "एकशे तीस" म्हणायची, मागोमाग वेंडल जायचा आणि झेल्मा एकशे एकतिसाव्यात लिहायची. म्हणजे बाईनं नेहमीप्रमाणे एक फेरी खाल्ली होती.

सांगायला हवं होतं. मान वळवून एक वाक्य. मिस ओलेटानं तिथल्या तिथं दोन्ही कागद ताडून बघितले असते.

झेल्मा बोलली नाही. 'बोल,' ती मनात म्हणाली, 'आणखी मोठ्यानं बोल, बाई. शेवटच्या आकड्यापर्यंत बोल.' सत्तर फेऱ्या ती ते ऐकत राहिली. तिचे दोनशे चौकोन भरले तेव्हा झेंडेवाला अजून हात घडी घालून उभा होता. पुढची वेळ तिनं समासात लिहिली, ठसठशीत. त्याच फेरीला ग्रेडीवर शर्यत संपल्याचा चौकड्यांचा झेंडा पडला, मागोमाग तीन गाड्यांच्या अंतरानं वेंडल आला, आणि बाकडी ग्रेडीच्या नावानं उठली.

झेल्मा पेन्सिल खाली ठेवून उठली. "मिस ओलेटा," ती शांतपणे म्हणाली, "माझे दोनशे एक आहेत."

मनोऱ्यातल्या सगळ्या बायकांनी माना वळवल्या. तिसरी गाडी दोन फेऱ्या मागे होती, तिच्यावरून काही ठरण्यासारखं नव्हतं. प्रश्न दोनच कागदांचा होता, आणि तो प्रश्न आहे असं कुणालाच वाटलं नाही. मिस ओलेटानं भिंग लावून चौकोन मोजले, भरलेले आहेत एवढंच बघितलं, आणि म्हणाली, "झेल्मानं लिहिलंय म्हणजे झालं." बर्निस आधी पांढरी पडली, मग लाल झाली. ती रडेल असं झेल्माला वाटलं होतं, पण ती फक्त म्हणाली, "माझीच सुटली असणार. झेल्मा चुकत नाही. बिचारा ग्रेडी."

निरोप खाली गेला. कर्ण्यावरून दुरुस्ती सांगितली गेली, बाकड्यांवरून शिव्या आणि टाळ्या एकदम आल्या. ग्रेडी करंडक घेऊन उभा होता. त्यानं तो जमिनीवर ठेवला, कुणाच्या हातात दिला नाही, आणि आपल्या गाडीकडे चालू लागला. टीग पांढऱ्या पँटीत धावत आला. आपल्याला शंभराव्या फेरीपासून माहीत होतं असं तो सगळ्यांना सांगू लागला.

मिस ओलेटानं गळ्यातून किल्ली काढून झेल्माच्या हातात ठेवली. "आता तूच कर ते," ती म्हणाली. "बर्निसच्या कागदावर कुठली फेरी सुटली तिथं लाल खूण कर आणि दोन्ही पेटीत टाक. मला काही दिसत नाही."

झेल्मा उंच खुर्चीत बसली. खुर्चीची गादी दबून एका अंगाला कलली होती. ती बदलावी लागणार होती. तिनं दोन कागद शेजारी शेजारी मांडले आणि लाल पेन्सिल हातात घेतली. मागून एकेक ताडत आली. ग्रेडी, वेंडल. ग्रेडी, वेंडल. दोघांत कुठे सेकंदाचं अंतर, कुठे दोनाचं. सगळं फाशासारखं काट्यावर. ती एकशे अठराव्या चौकोनापाशी आली. वेंडल, सत्तेचाळीस एकतीस. त्याच्या आधीचा, सत्तेचाळीस बारा. मधे ग्रेडीचा एकच, सत्तेचाळीस बावीस, तिनंच सांगितलेला.

एकोणीस सेकंद.

पिवळ्या झेंड्याखाली फेरीला पाऊण मिनिट लागतं. आणि वेंडलनं एकोणीस सेकंदांत फेरी मारली होती, त्याच्या अख्ख्या दिवसातली सगळ्यात वेगवान फेरी, पिटात उभा असताना. तिनं दोन्ही आकडे पुन्हा वाचले. मग तिला सगळं दिसलं, जे तिनं बघितलं नव्हतं तेही: दहा माणसं, गाडीचं तोंड धरून मागं ढकलणारी, आणि हॉइलची वाकलेली पाठ.

लाल पेन्सिलीचं टोक गिरमिटाचं होतं. तिनं ते दाबलं नाही.

पेटी पायाशी होती, पत्र्याची. त्यात टाकलेला कागद कुणी पुन्हा बघत नसे. मिस ओलेटाला दिसत नव्हतं, बाकीच्या बायका आपापली पिशवी भरत होत्या, खाली टीग फोटो काढून घेत होता. बर्निसच्या कागदावर कुठंही एक खूण केली असती तरी चाललं असतं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना फसवणं किती सोपं असतं हे झेल्माला एकोणीस वर्षं माहीत होतं. फक्त त्यांत आपणही मोडतो हे तिला आज कळत होतं. सत्तर फेऱ्या तोच फरक तिच्या डोळ्यांसमोर होता. तिला फक्त बर्निसची चूक वाचता आली होती.

तिनं दोन्ही कागद पुठ्ठ्याला चिमटले आणि जिना उतरली. कुंपणाचं फाटक ओलांडून पिटात गेली. बंदी उठली तरी ती तिथं सहसा जात नसे. दोघा-तिघांनी अजूनही नजर चुकवली.

टीगनं हात पसरले. "आली आमची मोजणारी. मिस झेल्मा, तू म्हणजे ना."

"फोटो थांबव," ती म्हणाली. "या कागदात एक फेरी खोटी आहे. शोधून दाखव."

टीग हसला. स्पर्धेचा प्रमुख, पोट सांभाळत, कागदावर वाकला. त्यानं वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, मान डोलावली आणि ठीक आहे म्हणाला. वेंडलनं कागद उलटा धरला होता. कुणीतरी सुलटा करून दिला. टीगनं बेरीज करायला सुरुवात केली, कशाची ते देव जाणे. चार मिनिटं चार पुरुष त्या कागदाकडे असे बघत होते की जणू त्यातून इंजिन सुरू होणार आहे. झेल्मा हाताची घडी घालून उभी होती. आयुष्यभर ज्या गोष्टीची ती टिंगल करत आली ती आज समोर रांगेनं उभी होती, आणि मजा येत नव्हती.

मग कागद हॉइलच्या हातात आला. त्यानं काळं बोट एकशे सतराव्या चौकोनावर ठेवलं, पुढच्या चौकोनावर नेलं आणि तिथंच थांबवलं. त्यानं वर बघितलं, तिच्याकडे. त्याला कळलं होतं. ती गाडी त्यानंच ढकलली होती.

"मला काही दिसत नाही," हॉइल म्हणाला आणि कागद तिच्या हातात परत दिला.

सव्वीस वर्षांत त्यानं तिच्यासाठी केलेली ती सगळ्यात मोठी गोष्ट होती. आणि तिला ती सहन होण्यासारखी नव्हती.

"एकशे अठरा," झेल्मा म्हणाली. "वेंडल रेषेपुढे घसरला, तुम्ही मागं ढकलला, परत निघाला. मी दोनदा लिहिलंय. एकोणीस सेकंद आहेत, पिवळ्यात. बर्निसचा कागद बरोबर आहे. चूक माझी आहे, आणि करंडक ग्रेडीचा आहे."

टीगचं तोंड उघडंच राहिलं. मग तो बोलू लागला, आणि बराच वेळ बोलत राहिला. पुढच्या रविवारपासून त्याची भाची लिहील, असं त्याचं म्हणणं पडलं. झेल्मानं आपल्या गाडीच्या कागदाला हात लावायचा नाही. वेंडलनं फक्त विचारलं, की मग आपण दुसरे आलो का, आणि दुसऱ्याला फोटो असतो का.

ग्रेडी गाडी ट्रकवर चढवत होता. करंडक त्याच्याकडे नेला तेव्हा त्यानं तो सीटवर फेकला, जसा जुना कोट फेकावा. "मी बोटांवर मोजलेलं होतं, मिस झेल्मा," तो म्हणाला. "पण मला कुणी विचारलं नाही." त्यात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

किल्ली तिनं मिस ओलेटाला परत नेऊन दिली. म्हातारीनं ती हातात फिरवली. "असं झालं तर," ती म्हणाली. "मग बर्निसकडे जाऊ दे. निदान तिचा कागद बरोबर आहे." बर्निस नको नको म्हणत होती. तो आकडा तर झेल्मानंच सांगितलेला, असं ती तीनदा म्हणाली. कुणी ऐकलं नाही. शेवटी किल्ली तिच्या गळ्यात पडली, आणि ती जिन्यापर्यंत झेल्माच्या मागं आली.

"तुझी पेन्सिल," बर्निस म्हणाली. "छान लिहिते गं. टोक कसं काढतेस?"

झेल्मानं पेन्सिल घेतली. "चाकूनं," ती म्हणाली. हे सांगायला तिला एकोणीस वर्षं लागली, आणि ते शेवटी बर्निसलाच सांगावं लागलं.

हॉइलनं ट्रक घराकडे वळवला. काचेवर लाल मातीचे शिंतोडे वाळले होते. नदीवरच्या पुलापाशी हॉइल खाकरला.

"एकोणीस सेकंद," तो म्हणाला. "माझ्या इंजिनात तेवढा दम आहे असं चारजणांनी तरी मानलं."

"चार गाढवांनी," झेल्मा म्हणाली.

"पाच," हॉइल म्हणाला. "सत्तर फेऱ्या तूही मानलंस."

पुढे घर येईपर्यंत तो आभाळाबद्दल बोलत होता. उद्या उघडं राहील, असं त्याचं मत होतं.

सोमवारी सकाळी पुन्हा भुरभुर लागली. झेल्मा सातला गिरणीत पोचली, कोट खिळ्याला अडकवला, बाह्या सरसावल्या. शेजारच्या चक्रावरच्या बाईनं काल कोण जिंकलं ते विचारलं. "ग्रेडी फेस्परमन," तिनं सांगितलं. "बर्निसनं बरोबर मोजलं होतं." शेजारीण हसली, तिला ती थट्टा वाटली. चक्र सुरू झालं. झेल्मानं ढिगातून पहिला मोजा उचलला, तोंड उलटं केलं आणि न बघता बसवायला हात गेला. तो तिनं मागं घेतला, खिशातून चष्मा काढून नाकावर ठेवला, आणि पहिला फासा बघून बसवला, मग दुसरा.